उतार डाव्या अंगाला

रस्ता करणाऱ्याला कुणी चांगलं म्हणत नाही, हे मी बावीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. खड्डा पडला की मुकादम चोर, आणि रस्ता गुळगुळीत झाला की लोक एकमेकांना सांगतात, गाडी काय पळते माझी! म्हणून आमच्याच गावचा रस्ता माझ्या टोळीकडे आला, तेव्हा पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना बजावलं, की इथे कुणी चालढकल केली तर रोलरखाली घालीन. आमचा रोलरवाला, ज्याला सगळे कासव म्हणतात, तो म्हणाला, "मुकादम, रोलर मी चालवतो. मग मला कोण घालणार?" सगळे हसले. मी हसलो नाही. मी मुळात तापट, आणि त्यात हा रस्ता माझ्या घरासमोरून जात होता.

गावापासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढवत गेल्यामुळे रस्ता मधून उंच झाला होता आणि कडेला वीतभराची पायरी तयार झाली होती. मोटरसायकलचं चाक त्या कडेवरून खाली घसरलं की माणूस आपटलाच म्हणून समजा. बरोबर मध्यावर काटकोनातलं वळण होतं. तिथे सहा वर्षांत तीन माणसं गेली. त्यातला एक पोस्टमन होता, त्याच्याच हातून माझ्या नोकरीचं पत्र घरी आलं होतं.

आता आम्हाला करायचं होतं ते असं. जुना थर खरवडून काढायचा. काटकोन मोडून तिथे लांब, सावकाश वळण घ्यायचं. वळणावर बाहेरची कड उंच आणि आतली खाली ठेवायची, म्हणजे वेगातली गाडी बाहेर फेकली जात नाही. आणि दोन्ही बाजूंच्या साइडपट्ट्या डांबराच्या अगदी पातळीला आणून त्यांनाही डांबर द्यायचं. डोळे मिटून हात फिरवला तरी रस्ता कुठे संपला आणि पट्टी कुठे सुरू झाली ते कळू नये, असं माझं म्हणणं. हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकवलं, की आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

कारण माझा दादा आंधळा आहे.

चाळिशी गाठायच्या आत त्याची नजर गेली. एका दिवसात नाही, दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत त्याने फाट्यावरचं आपलं सायकलचं दुकान हातांना पाठ करून घेतलं. ट्यूब ओठांजवळ फिरवून तो पंक्चर शोधतो. चाकाची आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढताना अंगठ्याचं नख रिंगला लावून बसतो आणि एकेक तार छेडून ऐकतो. डोळस मेकॅनिकने हात टेकले की ते चाक दादाकडे येतं. अकरा वर्षं तो घरातून एकटा निघायचा, दीड किलोमीटर चालून दुकान उघडायचा आणि संध्याकाळी एकटाच परत यायचा. कसं जमतं, असं कुणी विचारलं की आम्ही घरचे कौतुकाने सांगायचो, "त्याला वाऱ्यावरून कळतं."

काम सुरू व्हायच्या आधी एकदा जेवताना मी त्याला सगळा आराखडा समजावून सांगितला. त्याचं बोट धरून टेबलावर जुनं वळण काढलं, मग नवं काढलं.

"म्हणजे कड अजिबात राहणार नाही?" त्याने विचारलं.

"बोटभरसुद्धा नाही."

"आणि वळण?"

"वळतोय हे कळणारसुद्धा नाही, दादा. असं लोण्यासारखं करतो की बघ."

त्याने ते वळण बोटाने टेबलावर पुन्हा एकदा काढलं. मग म्हणाला, "चांगलं आहे. तिथे माणसं मरतात. नीट कर." वहिनींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाच आठवडे काम चाललं. तेवढे दिवस रस्ता उकरलेला, म्हणून मी दादाला माझ्या मोटरसायकलवर दुकानात सोडायचो आणि आणायचो. काम झालंही झकास. फक्त वळणाच्या मधोमध एका दिवशी डांबराची गाडी तीन तास उशिरा आली. माल गार होत चाललेला, माणसं दमलेली, आणि माझं डोकं फिरलेलं. आदल्या दिवशीचा थर जिथे संपला होता तिथून पुढे दोरी बांधायची, खुंट्या ठोकायच्या आणि मगच माल पसरायचा, असा नियम. कासव दोरी घेऊन आला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो, "ठेव ती दोरी! माझी नजर म्हणजे लेव्हल आहे." पंधरा पावलांचा तुकडा मी नजरेने ओढला. पुढे दोरी लावून काम नेहमीसारखं झालं.

आठवड्याने इंजिनिअर मॅडम मोजणीला आल्या. वयाने माझ्या पुतणीएवढ्या, पण कामाला चोख. दर वीस मीटरला त्यांनी लेव्हल घेतली, एकही आकडा चुकला नाही, आणि त्यांनी सही केली. जाताना म्हणाल्या, "मुकादम, या तालुक्यात असं वळण दुसरं नाही." त्या दिवशी माझी मान जी ताठ झाली ती दोन दिवस खाली आली नाही.

दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा एकटा दुकानात गेला. संध्याकाळी मी मुद्दाम आत वाट बघत बसलो होतो. तो आला, बूट काढले आणि म्हणाला, "रस्ता झकास केलास रे. अगदी झकास." माझी छाती दोन बोटं वर आली. मात्र त्यानंतरच्या सकाळी त्याचा गुडघा दुखायला लागला. त्याच्या पुढच्या दिवशीही. आठवडाभर दुकान बंद. फाट्यावर शाळेच्या शिपायाने मला अडवलं, त्याची सायकल दुकानात अडकली होती. मी म्हटलं, गुडघा आहे हो, दुसरं काय!

त्या दिवशी वहिनींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. दोरीवरचे कपडे काढता काढता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "भाऊजी, गुडघ्याला काही झालेलं नाही."

"मग?"

"सांगू नकोस म्हणून शपथ घातलीय मला. पण आता आठ दिवस झाले, नुसते खुर्चीत बसून असतात." हातातला शर्ट त्यांनी दोनदा घडी केला. "त्या दिवशी जाताना कसेबसे पोचले, पण येताना रस्त्याच्या मधोमध उभे होते. पुढे जायचं का मागे, काही कळेना. दुधाचा टँकर करकचून थांबला. ड्रायव्हरने हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं. भला माणूस होता. आत येऊन हे तुम्हाला म्हणाले, रस्ता झकास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. मी तडक आत गेलो. दादा खुर्चीत बसला होता, मांडीवर एक सुटं चाक, आणि नुसताच ते फिरवत होता.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" मी म्हटलं. "गुडघा म्हणे!"

त्याने चाक थांबवलं. "बोलली का ती?"

"अकरा वर्षं गेलास ना एकटा? मग आता काय झालं? वारा पडला का?"

"वारा कसला घेऊन बसलास," तो शांतपणे म्हणाला. "वारा तुम्हा लोकांना हवा होता. मी कड धरून चालायचो. डावा पाय डांबरावर, उजवा त्या पायरीच्या काठाला घासत. तसाच दीड किलोमीटर. कोपरा आला की काठ एकदम वळायचा, मीही वळायचो. आता काठ नाही. वळण असं केलंयस की पायाला पत्ता लागत नाही. मी सरळ चाललोय असं मला वाटतं, आणि रस्ता माझ्या पायाखालून निघून जातो."

मी पलंगावर बसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सबंध जिल्ह्याच्या रस्त्यांच्या कडा मी बोटांनी चाचपल्या होत्या, पण माझा सख्खा भाऊ दुकानात कसा जातो, हे अकरा वर्षांत एकदाही मागे चालून पाहिलं नव्हतं. वाऱ्याचं कौतुक करून आम्ही मोकळे. कौतुक करायला चालावं लागत नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो.

"तुला तेव्हाच सगळं सांगितलं होतं ना, बोट धरून! तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू माझ्यासाठी कड ठेवली असतीस."

"ठेवलीच असती!"

"म्हणून नाही बोललो. उद्या त्या कडेवरून कुणाचं पोर घसरलं असतं, तर मी कुठल्या तोंडाने दुकान उघडलं असतं?"

मी म्हटलं, रोज मोटरसायकलवर सोडतो, आणतो. तो हसला. "सोडणारा माणूस चार दिवस येतो रे. पाचव्या दिवशी त्याचं काम निघतं, सहाव्या दिवशी मीच म्हणतो, राहू दे. मग दुकान जातं. तुझा दोष नाही, जगाची रीत आहे." त्याने पुन्हा चाक फिरवलं. "मला एकट्याला जायचंय. तेवढंच आहे माझ्याकडे. बाकी सगळ्याला कुणाचा ना कुणाचा हात लागतो."

त्या रात्री मला झोप कशी लागली कोण जाणे, पण सकाळी उठलो तो डोक्यात एकच गोष्ट घेऊन. हा रस्ता मी केलाय. त्याच्या अंगावरचा तीळ न् तीळ मला ठाऊक आहे. कड गेली असेल, पण रस्ता सपाट कुठे आहे? मी दादाला म्हटलं, "चप्पल काढ आणि चल. तुला रस्ता शिकवतो."

"शिकवणार? रस्ता?"

"हो. उजव्या कडेला उभा राहा. आता सांग, कुठला पाय खाली आहे?"

तो अनवाणी उभा राहिला. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार दिला. "उजवा. जरासा."

"बरोबर. रस्ता मधे उंच, पाणी कडेला जावं म्हणून. सरळ रस्त्यावर उतार उजव्या अंगाला ठेवायचा. पाऊल चढायला लागलं की समज, मधे चाललोयस. उतरायला लागलं की कडेच्या चराकडे."

तो चालू लागला. पहिली दहा पावलं चाचपत. मग एकदा मधे गेला, स्वतःच थांबला, म्हणाला, "चढलो," आणि परत कडेला आला. मला ओरडावंसं वाटलं, पण मी तोंड बंद ठेवलं. माझ्यासाठी हे सोपं नव्हतं. वळण जवळ आलं तशी त्याची चाल मंदावली.

"सपाट झालं," तो म्हणाला.

"आता वळण सुरू. इथे बाहेरची कड उंच केलीय, आपण बाहेरच्या कडेला आहोत. थोडं पुढे हो."

दोन पावलं, चार पावलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "उतार डाव्या अंगाला आला रे!"

"तसाच डाव्या अंगाला ठेवायचा. इथे उलटं. उतरलास तर रस्त्यात, चढलास तर चराकडे. उतार तुला वळवत नेईल."

आणि नेत होता. मी मागे चालत होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत दादा वळत होता, त्याला वळायला न सांगता. मी स्वतःला शाबासकी द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो थांबला. पाय इकडे ठेवला, तिकडे ठेवला. "इथे काय केलंस?"

"काही नाही. चल पुढे."

"इथे उतार मेलाय."

तो मागे गेला आणि पुन्हा आला. त्याच जागेपासून त्याची पावलं रस्त्याच्या मधे सरकू लागली. तिसऱ्यांदाही तेच. मी त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि माझा पारा चढला. "मॅडमनी पास केलंय हे! दर वीस मीटरला मोजलंय! तुझ्या पायांना सवय नाही अजून."

"नसेल," तो म्हणाला. वाद घालायचा नाही, हा त्याचा जुना खोडसाळपणा. "तुझ्याकडे पाण्याची बाटली आहे ना? ओत."

मी दहा पावलं मागे जाऊन पाणी ओतलं. ते डावीकडे सुळकन धावलं. पुढे येऊन ओतलं. पाणी थांबलं, पसरलं आणि तिथेच चमकत राहिलं. मी पावलं मोजली. पंधरा. दोन मोजण्यांच्या मधल्या जागेत, जिथे कुठलाच आकडा पोचला नव्हता, बरोबर तिथे माझी नजर पडून होती.

"काय झालं पाण्याचं?" दादाने विचारलं.

"उभं आहे."

तो खाली वाकला आणि त्या पाण्यात त्याने बोटं टेकवली.

पास झालेलं काम होतं ते. मोटारीला त्या पंधरा पावलांचा पत्ताही लागला नसता. दोन-तीन वर्षांनी पाणी मुरून खड्डा पडला असता, तेव्हा लोकांनी मुकादमाला नेहमीसारखं चोर म्हटलं असतं आणि मी नेहमीसारखा चिडलो असतो. कासवाला सांगितलं तर तो म्हणाला, "मुकादम, हात दाखवून अवलक्षण कशाला? तिथे दादांसाठी कडेला चार दगड पुरू, झालं." मी म्हटलं, दगड पुरायचे तर आधी माझं तोंड पुर.

मॅडमच्या ऑफिसात टेबलासमोर उभा राहिलो. सगळं सांगितलं. दोरी बांधली नाही, नजरेने ओढलं, हेही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरत गेला. "मुकादम, त्या कागदावर माझी सही आहे."

"म्हणूनच आलो. तुम्ही मोजलं ते बरोबरच होतं. मधलं मी बिघडवलं."

"पुन्हा करायचं म्हटलं की तुमच्या नावापुढे शेरा येणार. बावीस वर्षांत एकही नाहीये, माहितीय ना?"

"माहितीय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि हे सापडलं कसं? कुणी मोजलं?"

"माझ्या भावाने. पायाने."

दुपारी त्या स्वतः आल्या, लांब पट्टी रस्त्यावर आडवी टाकली, तिच्यावर पाणसळ ठेवली आणि गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यापुढे वळणावर मी दर पाच मीटरला मोजणार." शेरा आला. लाल शाईत आला. मी तो वाचला आणि खाली सही केली.

पंधरा पावलं कापून काढायला एक दिवस गेला, भरायला दुसरा. या वेळी खुंट्या मी स्वतः ठोकल्या, दोरी कासवाने ताणली, आणि त्याने एकदाही टोमणा मारला नाही, हे त्याचे उपकार. रोलर फिरून माल गार झाला तसं मी सबंध तुकड्यावर पाणी सोडलं. एक थेंब थांबला नाही.

त्यानंतरच्या सकाळी दादा निघाला. पायात पातळ तळव्याची चप्पल, हातात काठी, खांद्याला पिशवी. वहिनी दारात उभ्या राहिल्या, पुढे आल्या नाहीत. मी मात्र दहा पावलं मागे चालत होतो. सरळ भाग गेला. सपाट जागा आली, गेली. वळण सुरू झालं आणि माझी पाचावर धारण बसली. नव्या तुकड्यावर त्याचा पाय पडला. तो थांबला नाही. पंधरा पावलं मी मनात मोजली, आणि सोळाव्याला तो बरोबर कडेला होता. वळण संपल्यावर मात्र उभा राहिला आणि मागे न वळता म्हणाला, "आता तू जा."

"दुकानापर्यंत येतो ना."

"नको. तुझी माणसं वाट बघत असतील. जा."

मी तिथेच थांबलो. समोर फाट्यापर्यंत सरळ रस्ता होता. दादाने दोन पावलं टाकली, उतार जोखला, आणि मग काठी उचलून काखेत धरली. पाऊल लांब पडायला लागलं. आधी साधी चाल, मग भरभर, मोकळा हात हलवत, वेळेवर कामाला निघालेल्या माणसासारखी. अकरा वर्षं जो काठ घासत गेला, तो माझा भाऊ रस्त्याने चालला होता. आंधळा झाल्यापासून मी त्याला असं चालताना पाहिलं नव्हतं. "दादा, हळू!" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं.